उंबऱ्याची उंची

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जुन्या वास्तूत दिव्यांगांना फिरता यावं म्हणून केलेला तुझा आराखडा दोनदा पाहिला. रेषा स्वच्छ आहेत, रॅम्प दाखवला आहेस, पाट्यांच्या जागाही नेमल्या आहेस. तरीही तो इतक्यात वरिष्ठांकडे देऊ नकोस. मला त्यात चाकांच्या खुर्चीवरचा माणूस कुठेच दिसला नाही. तो रिक्षातून कुठे उतरतो, तिकिटाच्या खिडकीशी त्याचा हात पोचतो का, फाटकापासून चौथऱ्यापर्यंतच्या खडीत त्याची चाकं रुततात का, हे कागदावर नाही. पुढची लहान चाकं खडीत शिरली की खुर्ची जागीच थिजते, हे बसून पाहिल्याशिवाय समजत नाही.

माझी चूक सांगते. नोकरीत दहाएक वर्षं झाली होती. एका जुन्या वास्तूचा चौथरा अडीच फूट उंच होता आणि पुढे जागा पंधरा फूट. मी त्या पंधरा फुटांत रॅम्प बसवला. उद्घाटनाला एक गृहस्थ खुर्चीवरून आले. दोघांनी मागून रेटलं, एकाने पुढून धरलं, तेव्हा ते वर पोचले. उतरताना त्यांना उलटं, पाठीकडून उतरवावं लागलं. खाली आल्यावर खुर्चीचा ब्रेक लावून ते हळूच म्हणाले, "ताई, हा रॅम्प माझ्यासाठी नाही, मला ढकलणाऱ्यांसाठी आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. अडीच फुटांना तीस. वळण घेतलंस तर तिथे खुर्ची फिरेल एवढी, निदान पाच फुटांची सपाट जागा हवी, आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. मग आम्ही तो रॅम्प काढून बाजूच्या भिंतीलगत वळवून घेतला. लोखंडी सांगाडा, त्याच्या पायांखाली रबर, चौथऱ्याच्या दगडाला एकही भोक नाही. उद्या कुणी तो उचलून नेला तर दगडावर ओरखडासुद्धा राहणार नाही. संरक्षित वास्तूत हीच कसोटी लाव. आणि चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंट लावू देऊ नकोस. ओल आत कोंडते आणि दगड पापुद्र्यांनी सुटत जातो.

परवानगीचं म्हणशील तर, १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने राष्ट्रीय स्मारकांत पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काही करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने भोवतालचे शंभर मीटर बांधकामाला बंद झाले आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आलं. बरेच जण हाच कायदा पुढे करून गप्प बसतात. तू बसू नकोस. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम ४५ वाच. असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत कधीच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तेव्हा तुझ्या टिपणीत "सोय व्हावी ही विनंती" लिहू नकोस. कलम लिही.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. स्वच्छतागृह. एका ठिकाणी दारावर खुर्चीचं चित्र होतं आणि आत झाडू, फिनेलचे डबे नि मोडकी कुंडी. किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी जेवायला गेलेला. माझ्यासोबत आलेल्या बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी बाटली पुढे केली तर म्हणाल्या, "घरी गेल्यावर पिईन." भर एप्रिलचं ऊन होतं. तुझ्या आराखड्यात ही खोली सगळ्यांत आधी काढ. दार बाहेर उघडणारं, आडवी दांडी, आत खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. आणि किल्ली नको.

रानाचं गणित वेगळं. तुझं पुढचं काम भीमाशंकरला निघेल असं ऐकते. तिथल्या पावसात लाकडी फळ्यांवर आठ दिवसांत शेवाळ धरतं, कुबड्या घेतलेल्या माणसासाठी ती घसरगुंडीच. शेकरूच्या झाडांमधून नवी रुंद वाट कापायचीही गरज नाही. जीपचा रस्ता आधीच आहे तिथला एखादा सपाट तुकडा नीट कर, लांबी थोडी असली तरी चालेल. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात मोकळं माळरान आहे, चिंकारा गाडीत बसूनही दिसतं. तिथे रस्त्याइतकाच गाडीच्या पायरीचा विचार कर. पक्षी पाहायला जी आडोशाची भिंत बांधतात, तिच्या फटी उभ्या माणसाच्या डोळ्यांना असतात. बसलेल्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात, एक फट तिथेही ठेव.

आणि दिव्यांग म्हणजे फक्त खुर्ची नव्हे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक जन्मापासून दृष्टिहीन आहेत. पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याच्या नंदीमंडपात त्यांनी एका खांबाला कवेत घेतलं. दोन्ही हात पुरेनात. मग गाल दगडाला लावून कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा डोंगरातून वेगळा काढलेला आहे, रचलेला नाही. सांधाच लागत नाही." गाइडने हे सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या तळहाताने सांगितलं. रोज शेकडो हात लागले तर कोरीव काम झिजतं, हे मलाही कळतं. नक्षीची प्रतिकृती ठेव, पण साधा खांब त्यांच्या हातांना मोकळा असू दे.

सगळीकडे सगळं जमणार नाही. कार्ल्याच्या लेण्यांच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्यांवर रॅम्प होणार नाही. तिथे खरं लिहून टाक. खुर्ची कुठपर्यंत जाते, पुढे पायऱ्या किती, कठडा आहे की नाही. जायचं की नाही, हे तो माणूस ठरवील. दृष्टिहीन मुलं सिंहगड पायवाटेने चढतात. आपण घरी बसून त्यांना 'नाही जमणार' म्हणायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

रविवारी सकाळी सातला पाताळेश्वराच्या फाटकाशी ये. टेप आणि लेव्हल आण, वही आण. ते शिक्षक येतील, आणि खुर्ची वापरणारे एक काकाही. टेपचं एक टोक काकांच्या हातात दे आणि ते सांगतील ते लिहून घे. त्यांच्या खुर्चीला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

तुझी,
ताई