खारी, चहा आणि रात्रीचे पावणेअकरा

"एवढं ऑपरेशन करून पण वजन वाढायलंय मॅडम. माझ्यातच काहीतरी खोट आहे ना?"

मी समुपदेशक आहे. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, मोजलेलं नाही. कुणी म्हणतं जिद्द नाही, कुणी म्हणतं जिभेवर ताबा नाही. पुरुष जरा हसून सांगतात, बायका पर्स मांडीवर घट्ट धरून. पण वजन उतरवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या, पहिल्या काही महिन्यांत छान वजन उतरलेल्या आणि मग काटा अडकलेल्या माणसांचं हे ठरलेलं पहिलं वाक्य आहे. त्याचं उत्तर एका बाईंच्या निमित्ताने देते. नाव-गाव, घरातले तपशील बदलले आहेत. त्यांना मंगलताई म्हणू.

वय चव्वेचाळीस. सोलापुरात अक्कलकोट रोडला घरचेच माग, टॉवेलचा धंदा. कारखान्याचा हिशेब सगळा ताईंच्या हातात. वजन १०८ किलो, साखर वाढलेली, गुडघे बोलू लागलेले. पुण्यात गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. दहा महिन्यांत १९ किलो उतरलं, पुढच्या सात-आठ महिन्यांत ६ परत आलं. माझ्याकडे आल्या त्या एका मागणीसाठी: डॉक्टरांना चिठ्ठी द्या, बँड अजून आवळायला सांगा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, बँड जागेवर आहे, काही बिघाड नाही. म्हणजे बँड बरोबर, मीच चूक. बँड पोटाला बसवला आणि वाजला मात्र माझा."

विनोद करून स्वतःलाच चापट मारायची ही सवय मी ओळखते. हसले नाही.

बँड काय करतो ते थोडक्यात सांगायला हवं, कारण बसवून घेतलेल्यांनाही ते नीट माहीत नसतं. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात. त्याच्या वर इवलीशी पिशवी तयार होते, दोन मोठे चमचे मावतील एवढी. कातडीखाली एक बटणासारखा पोर्ट असतो, त्यातून सुईने सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. घास हळूहळू खाली उतरतो आणि थोडक्यात पोट भरतं. हल्ली याच्यापेक्षा स्लीव्ह जास्त केली जाते, त्यात जठराचा मोठा भाग काढूनच टाकतात आणि वजनही भराभर उतरतं. बँडचं वजन सावकाश उतरतं, आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. व्हॉट्सअॅपवर स्लीव्हवालीचे आकडे बघून बँडवालीने रडू नये. मंगलताई रडायच्या.

तर, बँड भुकेला आवर घालतो. भूक नसताना जे खाल्लं जातं, त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आहाराचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलाही होता. (त्यात आठवड्यातून तीनदा ग्रिल्ड पनीर. ज्वारीच्या घरात ते कोण करणार?) माहिती कमी पडत नव्हती हे दहा मिनिटांत कळलं. म्हणून मी काय खाता हे विचारलंच नाही. विचारलं, "सहज काय उतरतं?"

थोडा वेळ गप्प. मग, "भाकरी अडकते. भात अडकतो. खारी मात्र सुळ्ळकन जाते."

"कोरडी?"

"नाही, चहात बुडवून."

बँडवाल्यांच्या घरोघरी हा चोर सापडतो. कुठे आइस्क्रीम, कुठे बासुंदी, कुठे चहात भिजलेलं बिस्कीट. पातळ आणि मऊ पदार्थ पट्ट्यातून अडथळा न होता निघून जातात, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि साखर-तूप मात्र पूर्ण पोचतं. गंमत अशी की पट्टा जास्त आवळला तर भाकरी-उसळ आणखीच अडकते आणि माणूस आणखी मऊकडे वळतो. म्हणजे ताई मागत होत्या त्याने खारी वाढलीच असती. कधी कधी पट्टा किंचित सैल केल्यावर माणूस धड जेवायला लागतो आणि वजन उतरतं. तो निर्णय सर्जनचा, माझा नाही. मी चिठ्ठी दिली नाही.

त्याऐवजी एक काम दिलं. डाएट डायरी म्हटलं की लोक खोटं लिहितात, हा माझा अनुभव. ताईंना म्हटलं, कारखान्याचा रोजमेळ लिहिता तसाच लिहा. वेळ, काय, किती, आणि चौथा रकाना: जवळ कोण होतं. कॅलरी नको, पश्चात्ताप नको. रोजमेळात आपण पश्चात्ताप लिहितो का?

पंधरा दिवसांनी लाल कापडी बांधणीची खरीखुरी वही घेऊन आल्या. रेघा फूटपट्टीने मारलेल्या. मी म्हटलं, वाचा.

"मंगळवार. रात्री पावणेअकरा. खारी चार, चहा मोठा कप. जवळ कोणी नाही. बुधवार. दहा पन्नास. खारी तीन, चहा, एक चमचा साय साखर घालून. जवळ कोणी नाही. गुरुवार, पावणेअकरा. खारी पाच. जवळ कोणी नाही."

सकाळ-दुपारच्या नोंदी तक्त्याप्रमाणे, अगदी बिनचूक. रात्रीची ओळ आली की तेच. पंधरा दिवसांत बारा वेळा "जवळ कोणी नाही". वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. बोट त्या चौथ्या रकान्यावरून खाली खाली जात राहिलं आणि मग थांबलं.

मला वाटलं, सापडलं. मनातल्या मनात पुढची दोन सत्रं मी आखूनही टाकली. शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, "फार एकटं वाटतं का त्या वेळी?"

त्यांनी मान वर केली. हसल्याच.

"एकटं? कुठलं ओ मॅडम! कोणी नसतं म्हणून तर बसते मी."

वीस वर्षांच्या अनुभवाचा माझा अंदाज साफ चुकला होता. असे क्षण मला आवडतात, हे कबूल करते. आपण चुकलो की समोरचा माणूस खरं बोलायला लागतो.

मग त्या बोलत राहिल्या. पहाटे साडेपाचला दिवस सुरू. सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचा डबा, दहाला खाली कारखान्यात. सुताच्या व्यापाऱ्याचा फोन, मागाची मोटर बंद, शनिवारी पगार, मध्येच कुणाला उचल हवी. संध्याकाळी वर आलं की पाहुणे. "आणि जरा टेकले ना, की कोणीतरी म्हणतंच: बसलीच आहेस तर एवढं कर. बसलीच आहेस तर भाजी निवड, बसलीच आहेस तर फोन लाव."

"आणि चहा घेताना?"

त्या बोलायच्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चहा पिणाऱ्याला कोण उठवतंय?"

मी काहीच बोलले नाही. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता, पंखा फिरत होता. त्या स्वतःशीच पुढे म्हणाल्या, "चहा पाच मिनिटांत संपतो. खारी असली की अर्धा तास चालतो."

आपल्या घरांत रिकामी बसलेली बाई दिसली की तिला उठवता येतं. खाणाऱ्या माणसाला भरल्या ताटावरून उठवू नये, हा मात्र संस्कार आहे. मंगलताईंना खारी आवडत होती असं नाही. खारी त्यांच्या बसण्याचा परवाना होता. आणि सगळे, सर्जन, आहारतज्ज्ञ, घरचे, त्यांच्या मनातला फौजदार, त्यांना सांगत होते की खारी सोडा. म्हणजे दिवसातला स्वतःचा तेवढा एकच अर्धा तास सोडा. कोण सोडेल? निर्धार टिकत नव्हता यात नवल नव्हतं, दहा महिने टिकला हेच नवल.

मी शिकले ती परंपरा अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून महाराष्ट्रात ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९५५च्या सुमारास एलिस यांनी मांडलेली गोष्ट साधी आहे: त्रास घटनेने होतो त्यापेक्षा त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो त्याने जास्त होतो. खोट शोधायची तर त्या वाक्यात शोधावी, माणसात नाही. ताईंचं वाक्य सापडायला वेळ लागला नाही. "मी बसले तर घर बसेल."

"पुण्याला ऑपरेशनला गेलात, तेव्हा माग बंद पडले होते?"

"नाही. जाऊबाईंनी बघितलं सगळं."

"पगार?"

"ह्यांनी केले. दोघांना जास्त दिले, पण केले."

मग ठरलं ते असं: रोज संध्याकाळी सव्वासहाला गच्चीवर वीस मिनिटं बसायचं. हातात कप नाही, मोबाइल नाही, निवडायला भाजी नाही. खारी बंद करा असं मी एकदाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी सात मिनिटं जमली. "हात कुठे ठेवायचे तेच कळेना," म्हणाल्या. सासूबाईंनी खालून विचारलं, बरं नाही का गं? दुसऱ्या आठवड्यात यजमानांना बोलावलं. भला माणूस, पण गोंधळलेला.

"मॅडम, वीस मिनिटं करणार काय ती?"

"काही नाही."

"आणि सूतवाला आला तर?"

मी उत्तर द्यायच्या आत मंगलताई म्हणाल्या, "थांबेल की." त्या दोन शब्दांसाठी मी चार सत्रं वाट बघितली होती. ती माझी फी, असं मी गमतीने म्हणते.

दीड महिन्यात रात्रीची खारी रोजच्यावरून आठवड्यात दोनदा आली. मग जेवणाकडे वळता आलं, आणि तिथे तक्त्याचा उपयोग झाला. आधी मटकी, डाळ, अंडं, म्हणजे प्रथिनं, भाकरी नंतर. घास शेंगदाण्याएवढा, चावून अगदी लगदा करून. वीस-पंचवीस मिनिटं जेवण. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. गरम मऊ भाकरी अडकायची, कडक भाकरी मोडून चावली की जायची, हा शोध त्यांचा त्यांनीच लावला. पट्टा सगळ्यांचा सारखा वागत नाही, त्यामुळे असे शोध ज्याचे त्याने लावायचे असतात.

आणि मग जानेवारी आला. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि डब्यात शेंगापोळ्या. मंगलताई तीन आठवडे गायब. आल्या त्या पहिल्या दिवसासारख्याच, पर्स मांडीवर.

"सगळं गेलं मॅडम."

"सगळं म्हणजे किती?"

"दीड किलो."

दोघीही हसलो. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. पुण्याची भेट त्यांनी रद्द केली होती. डॉक्टर काट्यावर उभं करतील, रागावतील, म्हणून. शेंगापोळ्यांचं मला काही वाटलं नाही, या रद्द भेटीचं वाटलं. बँडच्या माणसाचा निर्धार ढळतो तो डॉक्टरांची तारीख चुकवण्यापासून, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वजन उतरत असताना सगळे जातात. वाढलं की लाज वाटते, आणि नेमकी तेव्हाच पट्टा तपासून घ्यायची, रक्त बघायची, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचं विचारायची गरज असते. मी त्यांना तिथेच, माझ्यासमोर, फोन लावायला लावला. पुढच्याच आठवड्यात त्या पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. थोडं सलाईन काढलं म्हणे.

एक गोष्ट मात्र समुपदेशकाकडे घेऊन येऊ नका. वारंवार उलट्या, पाणीसुद्धा न उतरणं, पोटात जोराची कळ, रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येऊन खोकला, यातलं काही असेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन. पट्टा सरकलेला असू शकतो. उलटी होते म्हणजे बँड काम करतोय, असं मानणारे लोक मला भेटले आहेत; ते धोकादायक आहे. आणि खायला लागलं की थांबताच येत नाही, नंतर जगणंच नको वाटतं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मी स्वतः अशांना तिकडे पाठवते, त्यात कमीपणा नाही.

मंगलताईंचं वजन आता ८८ आहे. मधे दोन महिने हललं नव्हतं, पण तेव्हा त्या पुण्याची तारीख न चुकवता गेल्या. गच्चीवरचा वेळ चाळीस मिनिटांवर गेलाय. खारी अधूनमधून असतेच. मी विचारत नाही, त्या सांगतात.

गेल्या भेटीत त्यांनी माझ्या कपाटातली लाल वही परत मागितली. मला वाटलं, आठवण म्हणून हवी असेल.

"आठवण कसली ओ," त्या म्हणाल्या, "मागची अर्धी वही कोरीच आहे. दिवाळीच्या उचली लिहायच्यात."