हिब्रू बायबलमधल्या 'हेसेद'चा नेमका अर्थ काय? प्रेम, दया की करुणा?

प्रश्न असा आहे की हिब्रू बायबलात जागोजागी येणारं 'हेसेद' हे प्रेम, दया, करुणा यातलं नक्की काय, आणि देवाचं हेसेद नि माणसाचं हेसेद एकच असतं का. आधीच्या दोन उत्तरांत 'देवाचं अथांग प्रेम' एवढं लिहून हात जोडलेत. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी आहे, मूळची अलिबागकडची, आता ठाण्यात. या शब्दावरून आमच्या घरात एक भांडण अजून चालू आहे त्यामुळे गप्प बसवेना. मी काही विद्वान वगैरे नाही, हिब्रू प्रार्थनेपुरतं येतं, पण तनाख (म्हणजे ख्रिस्ती लोकांचा जुना करार) मात्र हट्टाने वाचून काढलंय.

तर हेसेद म्हणजे मनात येणारा कळवळा नाही. कळवळ्याला हिब्रूत रहमीम आहे, मुंबईतलं आमचं सगळ्यात जुनं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ), १७९६ सालचं शार हारहमीम, ते नाव त्यावरून. हेसेद करावं लागतं. तनाखमधली वाक्यंही तशीच असतात, अमक्याने तमक्याशी हेसेद केलं. म्हणजे एकाला खरोखरची नड आहे, दुसऱ्याच्या हातात ती भागवणं आहे, दोघांत काहीतरी नातं किंवा शब्द दिलेला आहे, आणि दुसऱ्याने काखा वर केल्या तर त्याला विचारणारं कोणी नाही. तरीही तो करतो. नेल्सन ग्लूक नावाच्या अभ्यासकाने १९२७ मध्ये प्रबंधच लिहिला होता की हेसेद म्हणजे नात्यातून येणारं कर्तव्य. मग १९७८ मध्ये कॅथरीन सॅकनफेल्ड यांनी म्हटलं की कर्तव्य ठीक, पण ते वसूल करता येत नाही ही त्यातली मुख्य गोष्ट, बळ असलेला माणूस नडलेल्यासाठी स्वतःहून करतो. मला दुसरं पटतं. का पटतं ते पुढे येईलच.

लोक हेसेद म्हटलं की स्तोत्रं उघडतात, कारण अडीचशेच्या आसपास वेळा येणाऱ्या या शब्दातले निम्मे तिथेच आहेत. १३६व्या स्तोत्रात तर सव्वीसच्या सव्वीस ओळींच्या शेवटी 'त्याचं हेसेद सर्वकाळचं'. ते गायला छान आहे, पण अर्थ कळायचा तर गोष्टींकडे जा.

माझी आवडती गोष्ट याबेश-गिलादची. नाहाश नावाच्या अम्मोनी राजाने या गावाला वेढा घातला आणि म्हणाला तह करतो, पण प्रत्येकाचा उजवा डोळा काढीन. तेव्हा शौल शेतातून बैलांमागून घरी येत होता, ऐकून त्याचं डोकं फिरलं, त्याने माणसं गोळा केली आणि गाव सोडवलं. पुढे कैक वर्षांनी शौल राजा गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत पडला. पलिष्ट्यांनी त्याचं मुंडकं कापलं आणि धड बेथ-शानच्या तटाला टांगलं. शौलाचं घराणं बुडालेलं, त्याच्या बाजूने उभं राहून आता कुणाला काही मिळायचं नव्हतं, उलट जिवाला धोका. तर याबेशचे लोक रात्रभर चालत गेले, तटावरून शौलाची आणि त्याच्या मुलांची प्रेतं उतरवून आणली, हाडं झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. शौलानंतर राजा झालेल्या दावीदाने त्यांना निरोप पाठवला की तुम्ही तुमच्या धन्याशी हे हेसेद केलंत. (त्याच निरोपात यहूदाच्या वंशाने मला राजा केलंय हेही कळवून टाकलं. दावीद राजकारणी होताच, तो विषय वेगळा.)

आता आमची गोष्ट. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे. एकेकाळी तिथे इस्राएलांची पुष्कळ घरं होती, तेलाचे घाणे होते, शनिवारी काम बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. १९४८ नंतर एकेक घर इस्राएलला गेलं, शेवटी आमचंच उरलं. बाबा गावातल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर संध्याकाळच्या एसटीने घरी जायचे, मग रात्री कोणाला ताप चढला, कोणाला विंचू चावला की लोक आमचं दार वाजवायचे. बाबा सिरिंज उकळत ठेवायचे आणि पायजम्यावरच निघायचे. कायद्यात बसायचं का तर नसेल बसत. पैसे घेतलेले मी तरी पाहिले नाहीत, मासे मात्र यायचे घरी.

बाबा गेले ते ऐन जुलैत. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यात बंद, वडखळकडे रस्त्यावर पाणी, मुंबई-ठाण्याची माणसं अडकलेली. आमच्यात मयत ठेवत नाहीत, होईल तेवढ्या लवकर पुरायचं. भाऊ, माझा नवरा, अलिबागहून आलेले दोन म्हातारे आणि पेणहून कसेबसे पोचलेले तिघे, एवढीच आमची पुरुषमाणसं. कद्दीश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, ते झाले नाहीत. मी होते, पण मी मोजणीत धरली जात नाही. आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, हे सगळं आमच्याच माणसांनी रीतीप्रमाणे केलं.

खड्डा मात्र आम्ही खणू शकलो नसतो. आमच्या कबरस्तानात वीतभर मातीखाली जांभा आहे. शेजारचा नाखवा आणि त्याचे पुतणे पहारी घेऊन आले, मशिदीजवळचे दोघे भाऊ घमेली घेऊन आले, कोणी बोलावलं नव्हतं. वर ताडपत्री धरली तरी खालून पाणी झिरपत होतं. खणून झालं तर घोटाभर पाणी. नाखवा आत उतरला आणि डालड्याच्या जुन्या डब्याने पाणी उपसायला लागला, इकडे उपसतोय तिकडे भरतंय. माझा भाऊ म्हणाला काका बस झालं, आता ठेवूया. नाखवा वर न बघता म्हणाला, "कंपाउंडरला पाण्यात नाय ठेवायचा." मग पुतण्याने बाजूने चर काढला, पाणी उताराला लागलं, तळाशी कोरडी रेती पसरली, तेव्हा कुठे तो बाहेर आला. खांदाही त्यांनी दिला, कारण आमचे म्हातारे चिखलात चालू शकत नव्हते. भावाने नंतर पैसे पुढे केले तर नाखवा चिडला, तुझ्या बापाने कधी मागितले काय म्हणून.

आम्ही सात दिवस जमिनीवर बसलो असताना काकाचा व्हिडिओ कॉल आला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, कित्येक वर्षं इस्राएलमध्ये, अश्दोदला. आधी रडला, मग चौकशी सुरू. मिन्यान (म्हणजे ते दहा पुरुष) झालं का? नाही. कद्दीश? नाही. खड्डा कोणी खणला? सांगितलं. तर म्हणतो, "बाळा, परक्यांच्या हातून माती दिलीस माझ्या भावाला? याला दफन म्हणतात? मला कळवायचं, पैसे पाठवले असते, मुंबईला तरी नेलं असतं." हा तोच काका जो फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फुलाच्या फोटोवर 'ओलाम हेसेद यिबाने' टाकतो, जग हेसेदने उभारलं जातं, ८९वं स्तोत्र. तेव्हा मी काही बोलले नाही. नंतर बोलले, अजून बोलतेय.

काका, आपला पूर्वज याकोब मरायला टेकला तेव्हा त्याने आपल्या मुलाला, योसेफाला काय सांगितलं? माझ्याशी हेसेद कर, मला मिसरात (इजिप्तमध्ये) पुरू नकोस. त्यावर राशी या मध्ययुगीन भाष्यकारांनी लिहिलंय की मेलेल्या माणसाशी केलेलं हेसेद हेच खरं, कारण तिथे परतफेडीची आशा नसते. आणि त्या याकोबच्या मयताला कोण कोण गेलं होतं? फारोचे सगळे मानकरी, मिसरातले वडीलधारे. उत्पत्ती ५० काढून बघ, कनानी लोकांना वाटलं मिसरींचंच कोणीतरी मोठं माणूस गेलं. राहाब कोण होती, यरीहोची वेश्या, ती इस्राएली हेरांना म्हणते मी तुमच्याशी हेसेद केलं, तुम्ही माझ्या बापाच्या घराशी करा. रूथच्या पुस्तकातली नामी आपल्या मवाबी सुनांना, रूथ आणि अर्पा दोघींना, अगदी परत गेलेल्या अर्पालाही म्हणते की तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी हेसेद केलंत. मवाबी म्हणजे ज्यांना मंडळीत घ्यायचं नाही असं तनाखमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, त्यांच्यातली रूथ पुढे दावीदाची पणजी होते. मिद्राशात, म्हणजे तनाखवरच्या जुन्या भाष्यात, रब्बी (धर्मगुरू) झेरा विचारतात, या रूथच्या पुस्तकात सोवळं ओवळं नाही, हे चालतं हे चालत नाही असंही काही नाही, मग लिहिलं कशाला? तर हेसेद करणाऱ्याला काय फळ मिळतं ते कळावं म्हणून.

पैशांचं म्हणशील तर तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सुक्का नावाच्या भागात पान ४९ वर हिशोबच मांडलाय. दान पैशाने होतं, हेसेद पैशानेही होतं आणि अंगमेहनतीनेही. दान गरिबाला, हेसेद गरिबालाही आणि श्रीमंतालाही. दान जिवंत माणसाला, हेसेद जिवंतालाही आणि मेलेल्यालाही. काका जे पाठवणार होता ते यातल्या पहिल्या रकान्यातलं.

आणि 'परके' हा शब्द तर त्याने काढायलाच नको होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वज तपासायचा फतवा काढला होता, म्हणजे आम्ही पुरेसे यहुदी आहोत की नाही याचीच शंका. १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं तेव्हा कुठे संसदेने ठराव करून आम्हाला सर्वार्थाने यहुदी म्हटलं. काका त्या धरण्यात बसला होता, अभिमानाने सांगतो. स्वतः एवढं भोगलेल्या माणसाने नाखव्याची जात काढावी?

असो. प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. देवाचं आणि माणसाचं हेसेद. शब्द एकच, वागण्याची रीतही तीच, जो वरचढ आहे तो खालच्याला सोडत नाही. निर्गम ३४ मध्ये देव स्वतःची ओळख सांगतो, हेसेदने भरलेला, हजारोंसाठी हेसेद राखणारा, आणि हे लोकांनी सोन्याच्या वासराची मूर्ती पुजली त्या प्रकरणानंतर लगेच, म्हणजे देवाशी केलेला करार लोकांनी मोडलाय आणि देव तो धरून बसलाय. उलट होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो तुमचं हेसेद सकाळच्या दवासारखं, ऊन आलं की उडालं, आणि मला यज्ञ नको हेसेद हवं. याहून खोलात शिरायचं तर एखाद्या रब्बीला विचारा, माझा आवाका तेवढा नाही.

दोनतीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मिन्यान, कद्दीश हे नियम खरे आहेत, मी ते मोडीत काढत नाहीये, भावाने पुढे अकरा महिने ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये कद्दीश म्हटला. सुक्का आणि मिद्राश हे तनाखच्या खूप नंतरचे आहेत, त्यामुळे त्यातला अर्थ जशाच्या तशा दावीदाच्या काळाला लावू नका, तिथे हेसेद राजेराजवाड्यांच्या तहातही येतं. आणि शब्दकोश उघडाल तर लेवीय २०:१७ आणि नीतिसूत्रे १४:३४ मध्ये हीच अक्षरं चक्क लाजिरवाणी गोष्ट या अर्थाने आलीत, ते बघून गोंधळू नका, तो वेगळा मामला आहे.

वाचायचं असेल तर आधी रूथ, मग १ शमुवेल ११ आणि ३१, मग २ शमुवेल २ आणि ९. नवव्या अध्यायात दावीद मेलेल्या मित्राला दिलेला शब्द आठवून त्याच्या दोन्ही पायांनी अधू मुलाला शोधून काढतो आणि कायमचा आपल्या पंक्तीला बसवतो. स्तोत्रं शेवटी.

बाकी काकाने आता कबरस्तानाच्या भिंतीसाठी पैसे देऊ केलेत, पाटीवर त्याचं नाव हवंय. देऊ दे, भिंत पडायलाच आलीय. पण त्याच पाटीवर त्या दिवशी खणणाऱ्या सगळ्यांची नावं येणार, नाखव्याचं पहिलं, हे मी भावाशी बोलून पक्कं केलंय. काका मराठी अजून वाचतो, ही लिंक मी ग्रुपवर टाकतेय.