घड्याळाचा पेस बघून लगेच वेग बदलू नकोस

अरे, ५ किलोमीटरच्या धावण्यात जीपीएस घड्याळ शे-दोनशे मीटर इकडेतिकडे दाखवतं म्हणून ते बदलायला निघू नकोस. आधी एक सवय लाव. जीपीएस मिळाल्याची खूण आल्यावरही मिनिटभर मोकळ्या आभाळाखाली थांब आणि मगच स्टार्ट दाब. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, दाट झाडीत ते क्षीण होतात, त्यामुळे नकाशावरची रेघ नागमोडी होते आणि अंतर फुगतं.

स्क्रीनवरचा क्षणाक्षणाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, तर बघूच नकोस, तो सतत उड्या मारतो. त्याऐवजी लॅप पेस लाव, म्हणजे चालू फेरीचा किंवा किलोमीटरचा सरासरी पेस दिसेल.

ट्रेडमिलवर घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं, म्हणून दांडा धरून धावलास तर आकडा चुकणारच. तिथे कॅलिब्रेशन करून घे, म्हणजे मशीनवरचं अंतर घड्याळात भरून त्याचा अंदाज जुळवून घे.

खात्री करायची असेल तर ट्रॅकवर जा, पण आतल्या लेनमध्येच धाव. तिथली फेरी ४०० मीटरची असते, आठव्या लेनमध्ये तीच सुमारे ४५३ मीटर भरते. आणि मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त आकडा दिसला तर आयोजकांना दोष देऊ नकोस. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आपण वळणं बाहेरून घेतो.