यूपीएस आहे, मग व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कची कॅशे ‘अनसेफ’ ठेवली तर काय बिघडतं? आणि डिस्क रॉ घ्यावी की क्यूकाऊ-टू?

“यूपीएस आहे, मग” एवढं वाचलं आणि गप्प बसवेना. हेच वाक्य एका सॉफ्टवेअरवाल्याने मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं.

एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. एकच सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली), एका व्हीएममध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस. डे-एंडला, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाला, फार वेळ लागतो म्हणून ओरड सुरू झाली. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस आला, डिस्कची कॅशे (लिहायचा डेटा डिस्कवर जाण्याआधी मेमरीत थांबतो ती जागा) ‘नो कॅशे’वरून ‘राईट बॅक (अनसेफ)’ केली आणि चहा येईपर्यंत डे-एंड उरकला. सगळे खूश. मी म्हटलं, अहो, पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, एफसिंक (डेटा डिस्कवर उतरल्याची खात्री) मागतं. तो फ्लश (‘आता डिस्कवर उतरव’ हा हुकूम) होऊन होस्टकडे, म्हणजे खऱ्या सर्व्हरकडे, येतो, होस्टने तो डिस्कपर्यंत न्यायचा आणि डेटा खरंच उतरला की मगच होकार द्यायचा. अनसेफमध्ये क्यूएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) फ्लश गिळतं आणि वर ‘झालं’ म्हणून सांगतं. पोस्टमनने पत्र पिशवीतच ठेवून पोचपावतीवर सही ठोकावी, तसं. यावर उत्तर काय, तर “साहेब, यूपीएस आहे ना!” सचिव म्हणाले, काम होतंय ना, मग राहू दे.

मी भांडून एवढंच पदरात पाडून घेतलं, की रोज संध्याकाळी डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, दुसऱ्या मशीनवर जाईल.

पुढे लाईट गेली आणि यूपीएसने भार उचललाच नाही. बॅटरीची बुचं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली. लाईट आल्यावर व्हीएम उठलं, पोस्टग्रेस मात्र ‘पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड’ (जिथून सावरायचं ती खात्रीची नोंद सापडत नाही) म्हणून अडून बसलं. सॉफ्टवेअरवाला फोनवरून सांगतोय, पीजी-रीसेटवॉल (पोस्टग्रेसची व्यवहारांची नोंदवही पुसून ते जबरदस्तीने सुरू करणारी कमांड) मारा, उघडेल. मी मारू दिलं नाही. उघडेल हो, पण कुठल्या खात्यात जमा झालं आणि समोरचं नावे पडलंच नाही, हे शोधणार कोण? आदल्या संध्याकाळचा डंप चढवला आणि त्या दिवसाची व्हाउचर पुन्हा मारायला घेतली. कॅशियरबाई स्क्रोल वाचून दाखवतायत, क्लार्क एंट्री करतोय, पिग्मी एजंटांना घरून बोलावून त्यांच्या मशीनमधल्या पावत्या ताडून बघतोय. मध्यरात्र उलटली तेव्हा रोकड जुळली. सॉफ्टवेअरवाल्याने पत्रात कारण काय लिहिलं? ‘विजेचा दोष’!

वीज जाणारच. तेव्हा ‘नो कॅशे’ असती, अगदी साधी ‘राईट बॅक’ असती, तरी अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन गेलं असतं, कमिट झालेलं नाही. कारण दोन्हींत फ्लश डिस्कपर्यंत जातो. मी नो कॅशे ठेवतो. राईट थ्रू (प्रत्येक लिखाण डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारी कॅशे) सुरक्षित आहे, पण इतका हळू की रडवतो. आणि यूपीएसचं म्हणाल, तर होस्टचा कर्नल अडकला, एसएमपीएस (सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय) उडाला किंवा कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं, तर यूपीएस काय करणार?

मुळात डे-एंड का रखडायचा, तर त्यांचा प्रोग्राम व्याज लावताना खात्यागणिक वेगळं कमिट करायचा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. एकामागून एक कमिट केले तर साधारण तेवढेच होणार. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, असं मी तेव्हाच लेखी दिलं होतं. ‘कोअरला हात लावता येणार नाही’ म्हणे. सेटिंगला हात लावता येतो, वा!

तुमच्याकडे काय चाललंय ते बघायचं तर पोस्टग्रेससोबत मिळणारं पीजी-टेस्ट-एफसिंक व्हीएमच्या आत चालवा. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला हजारो एफसिंकचा आकडा आला, तर मध्ये कुणीतरी थापा मारतंय. (रेड, म्हणजे RAID, कार्डावर, जे अनेक डिस्क एकत्र सांभाळतं, बॅटरीवाली कॅशे असेल तर गोष्ट वेगळी, ती चालते.) एसएसडीला हे गणित लागू नाही. तिथे पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली घ्या. आत कपॅसिटर असतात, त्यामुळे ती फ्लशला झटकन होकार देते आणि तो होकार खरा असतो. वेगासाठी पैसे टाकायचे तर इथे टाका. सेटिंग बदलल्यावर व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा, आतून रीस्टार्ट करून भागत नाही.

रॉ (साधी, जशीच्या तशी डिस्क) की क्यूकाऊ-टू (क्यूएमयूचा स्वतःचा डिस्क-फाईलचा प्रकार)? कुठलीही घ्या. फाईलवर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) हवे असतील तर क्यूकाऊ-टू. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर बसलेला असतो.

आणि हो, यूपीएस नको असं माझं म्हणणं नाही; ठेवा, बॅटरीत पाणी घालत जा. व्हीएम नुसतं टेस्टिंगचं असेल, उडालं तरी पुन्हा उभं करता येणारं, तर तिथे खुशाल अनसेफ लावा. मीही लावतो.