निशाणेबाजीसाठी पहिली पॉइंट २२ (साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची) बोल्ट अॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी मागे-पुढे करावी लागणारी, घेताना काय बघावं?

सगळ्यात आधी रायफल खांद्याला लावून बघा. डोळे मिटून गाल दस्त्यावर (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर) टेकवा आणि मग डोळे उघडा. मान न ताणता नजर थेट दुर्बिणीत गेली पाहिजे. दस्ता लांब पडत असेल, तर बाकी कितीही चांगली असली तरी ती रायफल सोडून द्या. मुलांसाठी घेत असाल तर हे आणखी महत्त्वाचं.

काडतूस 'पॉइंट २२ लाँग रायफल' या नावाचंच घ्या. १८८७ पासून चालत आलेलं हे काडतूस धक्का जवळजवळ देत नाही, त्यामुळे गोळी सुटताना डोळे मिटायची सवय लागत नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर स्पर्धेतही हेच वापरतात.

माझं मत विचाराल तर पैसे नळीच्या जाडीपेक्षा ट्रिगरवर घालवा. तो हलका आणि स्वच्छ सुटायला हवा. सीझेड ४५७ या रायफलचा ट्रिगर घरीच जुळवता येतो, म्हणून मी नवशिक्यांना तीच सुचवतो. सॅव्हेज मार्क टू हीसुद्धा भरवशाची.

रायफल घेतल्यावर चार-पाच प्रकारची काडतुसं आणून ५० मीटरवर तपासा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसं बहुधा जास्त अचूक जातात.

परवाना आधी काढा. आणि ही छोटी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, म्हणून लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध हवाच.