कॅमेरा शंका-समाधान : एफ/१.४ ची लेन्स सात दिवसांत कशी पारखावी?

प्रश्न : लग्नाच्या कामासाठी सोनी अल्फा ६४०० वापरतो. दुसऱ्या कंपनीची ५६ मिमी एफ/१.४ प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली आहे. दुकानदाराने सात दिवसांत बदलून देण्याचं कबूल केलंय. एवढ्या वेळात काय तपासू? (परभणी)

उत्तर : तुम्ही जास्तीचे पैसे मोजले ते एफ/१.४ साठी, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं). त्यामुळे निकालही एफ/१.४ वरच लावा. एफ/५.६ वर बहुतेक सगळ्याच लेन्स चांगल्या दिसतात, तिथे काहीच कळत नाही.

पहिल्याच दिवशी डीसेंटरिंग बघा, म्हणजे आतली एखादी काच तिरकी किंवा मध्यापासून सरकलेली तर नाही ना. लेन्सचं मॉडेल नावाजलेलं असलं तरी तुमच्या हातातला नग सदोष असू शकतो. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून ही तपासणी करू नका. कॅमेरा भिंतीला जरा तिरका राहिला तरी दोष लेन्सच्या माथी येतो. त्यापेक्षा दीड-दोनशे मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर २ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल. अक्षरं फ्रेमच्या मध्यावर ठेवून फोकस करा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर या. रिंगला हात न लावता तीच अक्षरं एकेक करून चारही कोपऱ्यांत आणा आणि फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ आले तर तो लेन्सचा स्वभाव आहे, चालेल. तीन बरे आणि एक पार विरघळलेला असेल तर तो दोष. खात्रीसाठी दुसरी लेन्स लावून हेच करून पाहा. तिथेही तोच कोपरा बिघडला तर दोष बॉडीत आहे.

हे काम सकाळी सातच्या आत उरका. आपल्याकडे मार्चपासूनच नऊ-दहा वाजता काळ्या रानावरची हवा थरथरायला लागते. मग कुठलीच लेन्स शार्प दिसत नाही आणि चांगला नगही परत जातो.

दुसरी तपासणी जरीची. पैठणीचा पदर टेबलावर तिरका पसरा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या आणि मधल्या बुट्टीवर फोकस करा. फोकसच्या अलीकडची जरीची तार जांभळट आणि पलीकडची हिरवट दिसली, तर तो लांबीच्या दिशेचा रंगदोष. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये तो थोडाफार असतोच. फोटोच्या कडांना दिसणारा रंगदोष सॉफ्टवेअरमधलं त्या लेन्सचं प्रोफाइल लावून जातो, हा जात नाही. सॉफ्टवेअरमधून जांभळी कड पुसायला जाल तर जांभळ्या पैठणीचा रंगच मरेल. एफ/२ ला किती उरतो, एफ/२.८ ला किती, तेही नोंदवून ठेवा. नवरीच्या साडीचे क्लोज-अप कुठल्या आकड्यावर घ्यायचे, ते यावरूनच ठरवावं लागेल.

ऑटोफोकस मात्र घरच्या उजेडात जोखू नका. संध्याकाळी एखाद्या मंगल कार्यालयात जा आणि कुणाला तरी पाच मीटरवरून दीड मीटरपर्यंत तुमच्याकडे चालत यायला सांगा. आय-एएफ (डोळा ओळखून फोकस) चालू, एएफ-सी (सतत फोकस), एफ/१.४, शटर १/२५०. अशा तीन फेऱ्या करा आणि पापण्या शार्प आलेले फोटो मोजा. चालत्या माणसावर दर चारांत एक चुकणं समजू शकतं, निम्मे चुकले तर लग्नात ती लेन्स कामाची नाही. कॅमेरा अधूनमधून मागच्या झालरीवर फोकस धरत असेल तर आधी लेन्सचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. इतर कंपन्यांच्या लेन्समध्ये ऑटोफोकसच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. दोन मीटरवर एफ/१.४ ला तुम्हाला जेमतेम सात सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प मिळतो. नवरदेव अर्धं पाऊल मागे उभा असेल तर तो धूसर येणारच. जोडीच्या फोटोला एफ/२.८ ठेवा. शिवाय अल्फा ६४०० च्या बॉडीत स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही, म्हणून हातातून १/१२५ च्या खाली उतरू नका.

प्रश्न : हळदीच्या फोटोत मांडवाच्या पानांतून येणाऱ्या उजेडाची वर्तुळं एका बाजूने कापल्यासारखी आली. रात्री स्टेजच्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. लेन्स नवीनच आहे, परत करू का? (लातूर)

उत्तर : करू नका, दोन्ही ठिकाणी कारण शटरचं आहे.

दुपारी तुम्ही एफ/१.४ वर १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर वापरलं असणार, तेही इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टनवर. त्यात फोटोची सुरुवात पडद्याविना, सेन्सरच्या पृष्ठावरच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते, पण शेवट करणारा खरा पडदा सेन्सरच्या किंचित पुढे असतो. एवढ्या वेगाला मधली फट अगदी अरुंद होते आणि रुंद अ‍ॅपर्चरमधून तिरके येणारे किरण एका बाजूने अडतात. मेनूमधून फ्रंट कर्टन बंद करा, म्हणजे पूर्ण यांत्रिक शटर चालेल. किंवा लेन्सवर एनडी ८ फिल्टर (उजेड आठव्या हिश्शावर आणणारी काळसर काच) लावा; १/४००० चं काम १/५०० वर होईल.

रात्रीचे पट्टे सायलेंट, म्हणजे पडदा न हलणाऱ्या पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. यांत्रिक शटर आणि १/१०० ठेवा. स्टेजचे रंगीत एलईडी मात्र वेगळ्या वारंवारतेने लुकलुकतात. तिथे कार्यक्रमाआधी दोन-तीन वेग लावून पाहणं हाच उपाय.

प्रश्न : अजिंठ्याच्या चित्रांसाठी ५६ मिमी एफ/१.४ चा उपयोग होईल का? सध्या १६-५० किट लेन्स आहे. (सिल्लोड)

उत्तर : तिथे फ्लॅशला मनाई आहे, त्यामुळे मोठं अ‍ॅपर्चर हवंच. किट लेन्स ५० मिमीला एफ/५.६ वर असते, एफ/१.४ वर तिच्या सोळापट उजेड आत येतो. आयएसओ ६४०० चं काम ४०० वर भागतं. पण भित्तिचित्र सपाट असतं आणि एफ/१.४ ला बऱ्याच लेन्सचं फोकसचं प्रतल किंचित वाकडं असतं. पद्मपाणीचा चेहरा शार्प आणि कडेच्या आकृत्या मऊ, असं होतं. एफ/२.८ वर या, आयएसओ १६०० होऊ द्या आणि चित्रासमोर शक्य तेवढं सरळ उभे राहा.

अर्थात ५६ मिमी तपशिलासाठीच. लेण्यात मागे सरकायला फारशी जागा नसते, पूर्ण पट फ्रेममध्ये मावायचा नाही. एकच लेन्स घेणार असाल तर २३ किंवा ३० मिमीची घ्या.