वाचक विचारतात : जायंट रोबो, त्याचं वजन आणि त्याचं घड्याळ

मागच्या अंकात जपानच्या जुन्या रोबो-मालिकांवर लेख छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील अशी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. बांधणीचे आणि चित्रीकरणाचे प्रश्न जास्त होते, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

शाळेत असताना दूरदर्शनवर एक मालिका लागायची. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि भलामोठा रोबो उडत यायचा. ‘जायंट रोबो’ नावाची डिस्क मागवली तर निघालं भलतंच कार्टून. मूळ मालिका कोणती? (सांगली)

तुम्ही पाहिलेली मालिका ‘जायंट रोबो’च. निर्मिती तोएइ कंपनीची. जपानमध्ये एनईटी वाहिनीवर (आजची टीव्ही आसाही) ११ ऑक्टोबर १९६७ ते १ एप्रिल १९६८ या काळात तिचे २६ भाग रंगीत दाखवले गेले. मूळ चित्रकथा मित्सुतेरु योकोयामा यांची. ‘तेत्सुजिन २८’ हा रिमोटवर चालणारा रोबोही त्यांचाच. अमेरिकन इंटरनॅशनलच्या टीव्ही विभागाने मालिका इंग्रजीत आणली तेव्हा घड्याळवाल्या मुलाचा, कुसामा दाइसाकुचा, ‘जॉनी सोक्को’ झाला, त्याचा साथीदार मिनामी जूरोचा ‘जेरी मानो’ आणि खलनायकांच्या बिग फायर टोळीची ‘गार्गॉइल गँग’. टोळीचा म्होरक्या सम्राट गिलोटिन याचं नाव मात्र तेच राहिलं. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर आपण पाहिली ती ही इंग्रजी आवृत्ती.

तुमच्या हाती आलं ते यासुहिरो इमागावा यांनी १९९२ ते १९९८ दरम्यान केलेलं सात भागांचं ॲनिमेशन. त्यात दाइसाकु आणि रोबो आहेत, पण भोवतालची बरीच पात्रं योकोयामांच्या इतर चित्रकथांमधून घेतलेली आहेत. ॲनिमेशन म्हणून ते उत्तम आहे, फक्त तुमची मालिका नव्हे. पुन्हा मागवताना १९६७ हे साल आणि २६ भाग एवढं तपासा. डिस्क जगाच्या ठरावीक विभागापुरत्याच चालतात : जपानी डीव्हीडी विभाग २ ची असते, भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्लू-रेचंही तसंच आहे : जपान ‘ए’, भारत ‘सी’. म्हणून सगळे विभाग वाचणारा प्लेअर लागतो. जपानी डिस्कवर इंग्रजी उपशीर्षकं बहुधा नसतात, तेही आधी पाहून घ्या.

आम्ही पाच मित्र मोबाइलवर दहा मिनिटांची रोबो-फिल्म करतोय. पोशाख बरा झालाय, पण पडद्यावर तो पोशाख घातलेला माणूसच दिसतो. चुकतंय कुठे? (कोल्हापूर)

बहुतेक चूक वेळेत असते. पोशाखाकडे सगळे बघतात, वेळेकडे कुणी बघत नाही.

मालिकेत रोबोची उंची ३० मीटर सांगितली आहे. डोक्यावरच्या टोपासकट पोशाखातला माणूस भरतो साधारण दोन मीटर. म्हणजे प्रमाण झालं १:१५. आता हिशेब करा. ३० मीटरवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे २.५ सेकंद लागतात, दोन मीटरवरून सुटलेला ०.६४ सेकंदात येतो. आपल्या डोळ्याला हा फरक न मोजता कळतो. छोटी इमारत झटकन कोसळली की ती छोटीच वाटते. दोन्ही वेळांचं गुणोत्तर १५ चं वर्गमूळ, म्हणजे ३.८७. तितक्या पटीने हालचाल संथ झाली की वजन आपोआप दिसतं. फिल्मच्या काळात सेकंदाला २४ फ्रेमऐवजी ९० च्या आसपास फ्रेम घेऊन हेच साधत. तुमच्या मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेम घ्या आणि ३० ने चालवा. चौपट संथ, म्हणजे हिशेबाच्या अगदी जवळ.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे आतला कलाकार ‘अजस्र’ दिसावं म्हणून स्वतःच हळू चालतो. त्याची एक सेकंदाची हालचाल पडद्यावर चार सेकंदांची होणार आहे, त्यात तो आधीच हळू असेल तर दृश्य झोपी जातं. त्याला चपळ चालू द्या, पण प्रत्येक पाऊल ठाम टेकवायला सांगा : टाच, मग पंजा, मग गुडघा ताठ, आणि धड क्षणभर उशिरा पुढे. हात फिरवल्यावर तो जागीच थांबला पाहिजे, लोंबकळता कामा नये.

दुसरा घोळ प्रकाशाचा. १२० फ्रेमला ३० फ्रेमच्या चौपट उजेड लागतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. एरवी ते जाणवत नाही, १२० फ्रेमवर मात्र चित्रभर पट्टे सरकतात. घरातल्या स्वस्त एलईडीचा नाद सोडा. सकाळी आठ ते दहाच्या कलत्या उन्हात गच्चीवर शूटिंग करा. कलत्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि त्याने उंची वाढते.

कॅमेरा कुठे ठेवायचा? रस्त्यावरच्या माणसाचे डोळे १६० सेंटिमीटरवर असतात. भागिले १५ केलं की आले पावणेअकरा सेंटिमीटर. मोबाइल उलटा धरलात तर भिंग खाली येतं आणि जमिनीपासून एवढ्या उंचीवर ठेवता येतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मागची इमारत धूसर झाली की मॉडेल उघडं पडतं. त्याउलट हवेत अगदी हलका धुपाचा धूर असू द्या, लांबच्या इमारती फिक्या दिसून अंतर वाढल्याचा भास होतो. पाणी आणि आग शक्यतो टाळा. थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार प्रमाणात लहान होत नाही, मोठमोठ्या स्टुडिओंनाही हा त्रास चुकला नाही.

१:१५ च्या प्रमाणात रस्ता आणि इमारती करायच्या आहेत. थर्मोकोल वापरू का? (ठाणे)

मागच्या ओळीत, ज्याला रोबो हात लावणार नाही तिथे खुशाल वापरा. फोडायच्या इमारतीला नको. तो पांढरे मणी सोडत फाटतो, विटा-सिमेंटसारखा फुटत नाही. जपानी स्टुडिओंत फुटणाऱ्या इमारतींना प्लास्टर वापरत, तुम्हीही प्लास्टर ऑफ पॅरिस वापरा. एरवी शंभर भाग पावडरीला साठ-सत्तर भाग पाणी घेतात, इथे नव्वद घ्या. ज्यादा पाण्याने प्लास्टरचा पत्रा कच्चा होतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. काचेला तेलाचा हात फिरवून त्यावर चार-पाच मिलिमीटर जाडीचा थर ओता, उचलल्यावर निदान तीन दिवस सावलीत वाळवा. पावसाळ्यात आठवडा लागतो. ओलसर पत्रा फुटत नाही, वाकून चिरतो. मागच्या बाजूने करवतीच्या पात्याने मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल वेड्यावाकड्या रेघा ओढून ठेवा, फूट त्याच रेघांनी जाते. सरळ चौकोन काढलेत तर बिस्किटासारखे तुकडे पडतील. प्रत्येक मजल्यावर पुठ्ठ्याचा स्लॅब आणि कागदाच्या चिटोऱ्यांचं सामान ठेवा, कारण पोकळ इमारत फुटताना पोकळच दिसते.

धुळीसाठी सिमेंट कधीही उधळू नका, फुप्फुसांत जातं. मुलतानी माती वस्त्रगाळ करून वापरा, सिनेमाच्या सेटवर धुळीसाठी जगभर हीच चालते. तरी मास्क सगळ्यांनी लावायचाच.

मापं १:१५ ने अशी येतात : एक मजला २० सेंटिमीटर, दार १४, माणूस ११, आठ मीटरचा दिव्याचा खांब ५३, चार मीटरची गाडी २७. दुकानात १:१८ च्या गाड्या मिळतात, त्या थोड्या मागे ठेवल्या की खपून जातात. बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या गाड्या पुढे ठेवल्या तर मात्र सगळा हिशेब कोसळतो.

फोमशीटचा पोशाख करतो आहे. सांधे दोन दिवसांत सुटतात आणि रंग तडकतो. (नाशिक)

सांधे सुटतात ते घाईने. एसआर ९९८ सारखं काँटॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडा एकमेकींवर दाबायच्या. ओलं असताना जोडलंत तर आतलं द्रावक अडकून राहतं आणि जोड सरकतो. खिडक्या उघड्या ठेवा. हे ॲडहेसिव्ह थर्मोकोलला लावू नका, तो विरघळतो. साध्या स्प्रे-रंगानेही विरघळतो.

धडाला दहा मिलिमीटर, हातापायांना पाच मिलिमीटर ईव्हीए फोमशीट पुरते. कडा ४५ अंशांत कापा. रंगाआधी हीटगनने पृष्ठभागावर किंचित चकाकी येईपर्यंत उष्णता द्या, म्हणजे छिद्रं मिटतात. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन हात आणि मग ॲक्रिलिक. कोपर, गुडघा आणि काखेत फेव्हिकॉल नको, तिथेच ते तडकतं. या जागा मूळच्या काळ्या फोमच्या ठेवा आणि वरून वेगळे तुकडे एकमेकांवर सरकतील असे बसवा. जायंट रोबोच्या डोक्याचा इजिप्शियन स्फिंक्ससारखा टोप बघा. तो खांद्यांपर्यंत येतो, त्यामुळे मान झाकली जाते आणि माणसाची मान दिसली नाही की यंत्र पटतं. तुमच्या आराखड्यातही मान लपवा.

आतल्या माणसाला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. टोप एका हिसक्यात निघाला पाहिजे आणि एक जण फक्त त्याच्यावर लक्ष ठेवून हवा.

जुनी रबरी रोबोबाहुली चिकट झाली आहे. १९७७ च्या ‘दाइतेत्सुजिन वन-सेव्हन’चा धातूचा रोबोही आहे. त्यांची काळजी कशी घ्यावी? (पुणे)

बाहुली रबरी नाही, मऊ व्हिनाइलची आहे. त्याला मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, तोच चिकटपणा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांनी रंगही जातो. कडक प्लास्टिकच्या खेळण्याला टेकवून ठेवू नका, झिरपणारं रसायन त्याचा पृष्ठभाग वितळवतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडूही नका. पाय वाकला असेल तर साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरून सरळ करा आणि तसाच थंड पाण्यात बुडवा.

धातूच्या खेळण्यात रंगाखाली फुगवटे किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो जस्ताच्या मिश्रणातला दोष. त्यावर उपाय नाही. कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बॅटरीवर चालणारं खेळणं असेल तर सेल आजच काढा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट. उपाय उलटा केला तर आतला धातूचा पत्रा आणखी खाल्ला जातो.

मुलाने मालिका पाहिली आणि विचारलं : रोबो फक्त जॉनीचंच का ऐकतो? आणि शेवटी का ऐकत नाही? (न्यू जर्सी)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच भागात आहे. रोबोच्या घड्याळात जो आवाज सर्वांत आधी नोंदला जाईल त्याचाच हुकूम चालणार, अशी रचना असते, आणि योगायोगाने तो आवाज दाइसाकुचा ठरतो. त्यामुळे टोळीशी लढणाऱ्या युनिकॉर्न संघटनेतल्या एवढ्या मोठ्या माणसांना एका शाळकरी पोराला यू-७ हा क्रमांक देऊन सोबत घ्यावं लागतं. मालिकेची सगळी ताकद या एका अटीत आहे. टोळीला रोबो पकडण्यापेक्षा पोराला पकडणं सोपं, म्हणून जवळजवळ प्रत्येक भागात धोका त्याच्यावर येतो.

शेवटच्या, सव्विसाव्या भागात गिलोटिनच्या शरीरात अणुऊर्जा भरलेली असते. त्याला मारलं तर पृथ्वीच उडेल, म्हणून कुणाला काहीच करता येत नाही. रोबो कुठल्याही हुकमाशिवाय त्याला उचलतो आणि आकाशात झेपावतो. दाइसाकु खालून घड्याळात ओरडत राहतो, परत ये म्हणून. रोबो त्याचं प्रथमच ऐकत नाही, आणि अंतराळात उल्केवर आदळतो. मुलासोबत हा भाग पुन्हा पाहाल तेव्हा रोबोच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. तो साचा पहिल्या भागापासून तोच आहे, डोळे-ओठ हलत नाहीत, तरी त्या उड्डाणात तो वेगळा दिसतो.